विश्लेषण : किरगिझस्तानात सत्ता बदलली की सोन्याच्या खाणीचा करार का बदलत गेला?

बिश्केक आणि ओश ही नावे महाराष्ट्रातील अनेक घरांत पोहोचली ती एमबीबीएसच्या प्रवेशामुळे. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले, भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना बाहेर न पडण्याचा सल्ला दिला आणि इथल्या पालकांनी रात्र फोनवर काढली. किरगिझस्तानात रस्त्यावरची गर्दी पाहता पाहता किती ताकदवान होते, याची ती एक झलक होती. सुमारे ७० लाख लोकसंख्येच्या या देशात २००५, २०१० आणि २०२० असे तीन वेळा जमावाने सरकार उलथवले. या सगळ्या काळात एक प्रश्न मात्र कायम राहिला. कुमटोरच्या सोन्याचे काय?

मध्य आशियातील ‘लोकशाहीचे बेट’ म्हणून एकेकाळी कौतुक झालेल्या या देशात परदेशी कंपनीने सर्वांत मोठी खाण उभारली, जवळपास पाव शतक चालवली आणि २०२१ मध्ये ती तिच्या हातून गेली. हे कसे घडले?

कुमटोर आहे तरी कुठे?

राजधानी बिश्केकपासून सुमारे ३५० किलोमीटरवर, इसिक-कुल या विशाल सरोवराच्या दक्षिणेला, तिएन शान पर्वतात. चीनची सीमा इथून जेमतेम ६० किलोमीटर. उंची सुमारे ४ हजार मीटर, म्हणजे लेह शहरापेक्षाही वर. जमीन वर्षभर गोठलेली, आजूबाजूला हिमनद्या. कामगार दोन आठवडे वर राहतात आणि दोन आठवडे घरी.

सोव्हिएत भूगर्भशास्त्रज्ञांना १९७८ मध्ये इथे सोने सापडले होते. पण इतक्या उंचीवर, एका टन खडकात काही ग्रॅम सोने असलेली खाण चालवणे त्या काळात परवडणारे नव्हते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि नव्या देशाच्या हाती मॉस्कोचा निधी बंद झालेली अर्थव्यवस्था आली. शेजारच्या कझाकस्तानकडे तेल होते, तुर्कमेनिस्तानकडे वायू. किरगिझस्तानकडे डोंगर, मेंढ्या, पाणी आणि हे सोने.

पहिला करार कोणी केला?

पहिले अध्यक्ष अस्कर अकायेव हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. पाश्चात्त्य देशांना ते आवडत; पत्रकारांना बोलू देत, रूबल सोडून स्वतःचे ‘सोम’ हे चलन मध्य आशियात सर्वांत आधी त्यांनीच आणले. १९९२ च्या अखेरीस त्यांच्या सरकारने कॅनडातील युरेनियम कंपनी कॅमेकोशी कुमटोरचा करार केला. वाटणी ऐकायला छान होती. दोनतृतीयांश हिस्सा सरकारी कंपनी किरगिझअल्तीनकडे, एकतृतीयांश कॅमेकोकडे. पैसा उभा करणे आणि खाण चालवणे मात्र कॅमेकोच्या हाती. जागतिक बँक समूहातील आयएफसी आणि युरोपीय पुनर्रचना बँक यांनीही कर्ज दिले. सुमारे ४५ कोटी डॉलर खर्चून खाण उभी राहिली आणि १९९७ मध्ये उत्पादन सुरू झाले.

संशयाची बीजेही तेव्हाच पडली. सोन्याच्या व्यवहारांवरील गदारोळात १९९३ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान तुर्सुनबेक चिंगिशेव यांचे सरकार गेले. खाणीतून पहिला ग्रॅम निघण्याआधीच ‘सोने कोणीतरी परस्पर विकतो आहे’ ही भावना लोकांच्या मनात पक्की बसली होती.

सायनाइडचा ट्रक नदीत गेला तेव्हा…

खडकातून सोने वेगळे करण्यासाठी खडकाची पूड करतात आणि ती सोडियम सायनाइडच्या पातळ द्रावणात घोळवतात. सायनाइड सोन्याला विरघळवते, मग त्या द्रावणातून सोने काढून घेतात. जगभरातील बहुतेक मोठ्या सोन्याच्या खाणी हीच पद्धत वापरतात. प्रक्रिया बंदिस्त असते; धोका असतो तो वाहतुकीत आणि उरलेल्या गाळात.

२० मे १९९८ रोजी खाणीकडे जाणारा ट्रक बार्सकून नदीत कोसळला आणि सुमारे पावणेदोन टन सोडियम सायनाइड पाण्यात गेले. ही नदी खालच्या बार्सकून गावाजवळून इसिक-कुल सरोवरात जाते. गावकऱ्यांना वेळेवर सांगितले गेले नाही. हजारो लोकांनी वैद्यकीय मदत घेतली, अनेकांना गाव सोडून दुसरीकडे हलवण्यात आले. किती जणांना खरोखर विषबाधा झाली यावर कंपनी, सरकार आणि गावकरी यांचे पुढे कधीच एकमत झाले नाही. भरपाईचा वाद तर कित्येक वर्षे चालला.

बिश्केकमधील नेत्यांसाठी कुमटोर हा महसुलाचा आकडा होता. बार्सकूनसाठी तो त्या मे महिन्यातला ट्रक होता. पुढची पंधरा वर्षे तिथला रस्ता वारंवार अडवला गेला त्याचे मूळ इथे आहे.

दोनतृतीयांश हिस्सा गेला कुठे?

करारांच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त टप्पा २००४ चा. कॅमेकोने आपल्या सोन्याच्या मालमत्ता ‘सेंटेरा गोल्ड’ या नव्या कंपनीत टाकल्या आणि ती टोरंटो शेअर बाजारात उतरवली. किरगिझ सरकारने कुमटोरमधील आपला दोनतृतीयांश हिस्सा या नव्या कंपनीला दिला आणि बदल्यात तिचे समभाग घेतले. त्यातले काही विकलेही. शेवटी हाती उरला सेंटेरातील सुमारे १६ टक्के वाटा.

हे समजून घेण्यासाठी घरगुती उदाहरण पुरेल. गावातल्या शेताचे तुम्ही दोनतृतीयांश मालक आहात. कोणीतरी म्हणते, शेत आमच्या मोठ्या कंपनीला द्या, आम्ही तुम्हाला कंपनीचे शेअर देतो. कंपनीची इतरत्रही शेती आहे, शेअर कधीही विकता येतो, त्यामुळे कागदावर सौदा वाईट नसतो. (सेंटेराकडे मंगोलियातील बोरू खाणही होती.) पण त्या दिवसापासून शेतात काय पेरायचे हे तुम्ही ठरवत नाही.

व्यवहाराच्या समर्थकांचे म्हणणे होते की पहिली काही वर्षे सोन्याचा भाव पडलेला होता, कर्ज फेडण्यातच पैसा जात होता आणि दोनतृतीयांश मालकी असूनही तिजोरीत फारसे काही येत नव्हते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण सौदा झाला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत सोन्याचा भाव कित्येक पटींनी वाढला. लोकांना दिसले ते एवढेच की भाव चढण्याआधी मालकी गेली.

मार्च २००५ मध्ये ‘ट्यूलिप क्रांती’ झाली आणि अकायेव मॉस्कोला निघून गेले. नवे अध्यक्ष कुर्मानबेक बाकियेव यांनी २००९ मध्ये नवा करार केला. त्यात किरगिझ हिस्सा सुमारे ३३ टक्क्यांवर गेला आणि कराची पद्धतच बदलली. नफ्यावरील कराऐवजी एकूण विक्रीवर १३ टक्के कर आणि इसिक-कुल प्रांताच्या विकास निधीसाठी आणखी १ टक्का.

विक्रीवर कर हा दुबळ्या प्रशासनाचा शहाणपणाचा मार्ग असतो. बहुराष्ट्रीय कंपनीचा खर्च तपासायला तज्ज्ञ हिशेबनीस लागतात. किती सोने निघाले ते मात्र मोजता येते. तोटा असला तरी कर मिळतो. उलट बाजूही आहे. भाव चढला, नफा फुगला, तरी सरकारचा टक्का तेवढाच राहतो. २०१०-११ मध्ये नेमके हेच झाले.

दरम्यान, एप्रिल २०१० मध्ये बाकियेव यांनाही जमावाने हुसकावले. ते बेलारूसला पळाले. जूनमध्ये ओश भागात किरगिझ आणि उझबेक समुदायांत दंगली उसळल्या, ४०० हून अधिक लोक मारले गेले. हंगामी अध्यक्ष रोझा ओतुनबायेवा यांनी त्याही परिस्थितीत नवी राज्यघटना मंजूर करून घेतली. तिने अध्यक्षांचे अधिकार कमी केले आणि संसदेला बळ दिले. २०११ मध्ये त्यांनी निवडून आलेल्या अल्माझबेक अतम्बायेव यांच्याकडे सत्ता शांतपणे सोपवली. मध्य आशियात हे अप्रूप होते.

कुंपणावर चढलेला खासदार

बळ मिळालेल्या संसदेने पहिला मोठा विषय हाती घेतला तो कुमटोरचा. २०१२ मध्ये संसदीय समितीने खाणीवर पर्यावरणाच्या नुकसानीपासून करारातील गैरव्यवहारांपर्यंत अनेक ठपके ठेवले. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी बिश्केकमध्ये राष्ट्रीयीकरणाच्या मागणीसाठी सभा झाली. सभेनंतर काही खासदार समर्थकांसह ‘व्हाइट हाऊस’ या सरकारी इमारतीचे कुंपण चढू लागले. त्यांत कामचिबेक ताशियेव होते आणि इसिक-कुल प्रांतातून आलेले सादिर जापारोव होते. दोघांना शिक्षा झाली, मग वरच्या न्यायालयात सुटका झाली.

पुढच्या मे महिन्यात जेती-ओगूझ जिल्ह्यात आंदोलकांनी खाणीचा रस्ता अडवला, वीज तोडली. अध्यक्षांना तिथे आणीबाणी लावावी लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रांताच्या राज्यपालांना ओलीस धरून त्यांच्या गाडीवर पेट्रोल ओतण्यापर्यंत मजल गेली. या प्रकरणात जापारोव यांच्यावर आरोप ठेवले गेले. ते देशाबाहेर होते. २०१७ मध्ये परतताना सीमेवर अटक झाली आणि साडेअकरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. आरोप राजकीय सूडातून आल्याचे ते म्हणत राहिले.

सरकार आणि सेंटेरा यांच्यात वाटाघाटी चालूच होत्या. २०१३ च्या अखेरीस दोघांच्या ५०-५० टक्के भागीदारीचा आराखडा ठरला, दोन वर्षे चर्चेत राहिला आणि २०१५ मध्ये सरकारनेच त्यातून अंग काढून घेतले. या काळात पंतप्रधान इतक्या वेळा बदलले की कंपनीच्या समोर बसणारा माणूस दर बैठकीला नवा असावा. मग २०१७ चा करार आला. तो अमलात यायलाच २०१९ उजाडले.

उठाव झाले तेव्हा खाण वाचली, मग गेली कधी?

‘राजकीय अस्थैर्य आले की गुंतवणूक बुडते’ हे वाक्य आपण अर्थविषयक बातम्यांत रोज वाचतो. कुमटोरचा अनुभव त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. २००५, २०१० आणि २०२० या तिन्ही उठावांत खाण चालू राहिली. राजधानीत सरकारी इमारती जळत होत्या तेव्हा ४ हजार मीटरवर डंपर फिरत होते. कारण साधे होते. ज्याच्या हाती सत्ता येई त्याला दुसऱ्या दिवशी पगार द्यायला पैसे लागत, आणि ते देणारी एकच मोठी कंपनी होती. कधीकधी देशाच्या सकल उत्पादनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वाटा या एका खाणीचा असे. २०२० मध्ये तो साडेबारा टक्क्यांच्या आसपास होता.

दुबळ्या सरकारने करार वारंवार कुरतडला, पण खाण ताब्यात घेण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. ती आली २०२१ मध्ये, सत्ता एका माणसाच्या हाती एकवटल्यावर.

४ ऑक्टोबर २०२० च्या संसदीय निवडणुकीत मते विकत घेतल्याचे आरोप झाले. ५ तारखेच्या रात्री जमाव व्हाइट हाऊसमध्ये घुसला आणि काहींनी तुरुंगातून जापारोव यांना बाहेर काढले. दहा दिवसांत ते आधी पंतप्रधान आणि मग हंगामी अध्यक्ष झाले. जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ७९ टक्के मते मिळवून निवडून आले. एप्रिलमध्ये सार्वमताने घटना बदलली आणि अध्यक्षांचे अधिकार पुन्हा वाढले. कुंपण चढणारे दुसरे सहकारी ताशियेव सुरक्षा यंत्रणेचे प्रमुख झाले होते.

सत्तेवर येताना जापारोव यांनी राष्ट्रीयीकरणाची भाषा सोडली होती. बहुतेक सोने आधीच काढून झाले, असा त्यांचा सूर होता. गुंतवणूकदारांना थोडे हायसे वाटले. मेपर्यंत चित्र पालटले.

मे २०२१ मध्ये नेमके काय झाले?

पंधरा दिवसांत सगळे घडले. संसदेने कायदा केला की नियम मोडणाऱ्या सवलतधारक कंपनीवर सरकार तीन महिन्यांपर्यंत बाह्य व्यवस्थापक नेमू शकते. देशात असा मोठा सवलतधारक एकच होता. लगोलग बिश्केकच्या न्यायालयाने हिमनद्यांवर खडकांचा कचरा टाकल्याबद्दल ३ अब्ज डॉलरहून अधिक दंड ठोठावला. देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या एकतृतीयांशाहून मोठी ही रक्कम होती. ती वसूल होईल असे कोणालाच वाटत नसावे. १७ मे रोजी तेंगिझ बोलतुरुक बाह्य व्यवस्थापक म्हणून आले. ते आदल्या दिवसांपर्यंत सेंटेराच्याच संचालक मंडळावर होते.

सेंटेराने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि कुमटोर चालवणाऱ्या उपकंपन्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. किरगिझ डोंगरातील खाणीसाठी न्यूयॉर्कचे न्यायालय, हे विचित्र वाटते. पण अशा अर्जानंतर कंपनीच्या मालमत्तेला हात लावणाऱ्यावर अमेरिकी न्यायालयाचा बडगा येऊ शकतो आणि जागतिक बँका व सोने शुद्ध करणाऱ्या कंपन्या अशा व्यवहारापासून दूर राहतात. दुसरीकडे, कंपनीने खाणीच्या संगणकीय प्रणाली दुरून तोडल्याचा आरोप किरगिझ अधिकाऱ्यांनी केला. ऑगस्टमध्ये तर सोळा वर्षे रशियात राहिलेले अकायेवही कुमटोरच्या चौकशीसाठी बिश्केकमध्ये उतरले.

शेवट एप्रिल २०२२ मध्ये तडजोडीने झाला. किरगिझअल्तीनने सेंटेरातील आपला सुमारे २६ टक्के हिस्सा परत केला, सेंटेराने खाण सोडली, दोघांनी एकमेकांवरचे दावे मागे घेतले. जुलैअखेर व्यवहार पूर्ण झाला.

जिंकले कोण?

किरगिझ सरकारच्या दृष्टीने वेळ साधली गेली. तेव्हा औंसाला १,८०० डॉलरच्या आसपास असलेला सोन्याचा भाव ऑक्टोबर २०२५ मध्ये ४ हजार डॉलरच्या पुढे गेला. मात्र २०२० अखेरपर्यंत या खाणीतून ४०० टनांहून अधिक सोने आधीच निघालेले होते, ही दुसरी बाजू. सेंटेराला एका तोट्यातल्या भांडणातून सन्मानाने बाहेर पडता आले. ज्या देशाच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार रशियात राबणाऱ्या मजुरांनी घरी पाठवलेला पैसा आहे, तिथे सुमारे तीन हजार स्थानिकांना रोजगार देणारी खाण बंद पडली नाही, हेही महत्त्वाचे.

किंमत वेगळ्या ठिकाणी मोजली गेली. खाणीत पैसा आधी ओतावा लागतो आणि परतावा दहा-वीस वर्षांनी मिळतो. यंत्रे बसली, बोगदे खणले की कंपनीला निघून जाता येत नाही आणि सरकारची बाजू वरचढ होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी याला ‘कालबाह्य होत जाणारा सौदा’ म्हटले होते. म्हणूनच कंपन्या करारात ‘कायदे बदलले तरी आमच्या अटी बदलणार नाहीत’ असे कलम आणि परदेशी लवाद मागतात. कुमटोरमध्ये दोन्ही होते. सेंटेराला त्यातून तडजोड मिळाली, खाण नाही.

तालास प्रांतातील जेरूय या दुसऱ्या मोठ्या सोन्याच्या साठ्याची कथाही फार वेगळी नाही. ब्रिटिश ऑक्सस गोल्डचा परवाना २००४ मध्ये गेला, पुढे कझाक गुंतवणूकदारांचा २०१० मध्ये. २०१५ मध्ये रशियन मालकीच्या अलायन्स अल्तीनने १० कोटी डॉलर मोजून तो घेतला; ऑक्टोबर २०२० च्या गोंधळात जमावाने प्रकल्प लुटून जाळला. तरीही मार्च २०२१ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले आणि उद्घाटनाला दूरचित्र माध्यमातून व्लादिमीर पुतिन हजर होते. अशा देशात कोण टिकतो, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आता देश स्थिर आहे का?

रस्ते शांत आहेत. पण २०२१ च्या अहवालात फ्रीडम हाऊस या संस्थेने किरगिझस्तानला ‘अंशतः मुक्त’ गटातून काढून ‘मुक्त नाही’ गटात टाकले. २०२४ मध्ये परदेशी निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांवर रशियाच्या धर्तीचा कायदा आला, ‘क्लूप’ या शोधपत्रकारिता संस्थेला न्यायालयाने बंद करायला लावले. ज्या संसदेत आणि ज्या माध्यमांत कुमटोरचे प्रत्येक कलम वर्षानुवर्षे चिरफाडले गेले, ती दोन्ही आता दबून बोलतात.

युरेनियमचे उदाहरण ताजे आहे. माइलू-सू येथे सोव्हिएत काळातील युरेनियमचा कचरा आजही पडून आहे. १९५८ मध्ये तिथला गाळाचा बांध फुटला होता. ही आठवण ताजी असल्याने २०१९ मध्ये इसिक-कुलजवळील किझिल-ओम्पोलच्या प्रकल्पाविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि सरकारला देशभर युरेनियम उत्खननावर बंदी घालावी लागली. २०२४ मध्ये ती बंदी उठवली गेली. या वेळी रस्ते भरले नाहीत.

हिमनद्यांचे काय?

कुमटोरचा उघडा खड्डा दाविदोव आणि लिसी या हिमनद्यांना लागून, काही ठिकाणी त्यांना कापून गेला आहे. सोन्यापर्यंत पोहोचायला बर्फ उचलावा लागला आणि त्यावर खडकांचे ढीगही पडले. बर्फावरचा ढीग स्थिर नसतो. वजनाने बर्फ सरकतो, ढीगही सरकतो. १ डिसेंबर २०१९ रोजी लिसी दरीतील असाच ढीग घसरला आणि दोन कामगार गाडले गेले.

सायनाइड प्रक्रियेनंतरचा गाळ साठवणारा तलाव कुमटोर नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या वरच्या अंगाला पेट्रोव्ह हे हिमनदीचे सरोवर असून हिमनदी वितळते तसे ते वाढते आहे. कुमटोर नदी नारीनला मिळते, नारीन पुढे उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यात सिर दर्या होते. ३ अब्ज डॉलरचा दंड आता इतिहासजमा आहे. २०२२ च्या तडजोडीनुसार खाण बंद करण्याची आणि हा तलाव सांभाळण्याची सगळी जबाबदारी किरगिझ सरकारकडे आली आहे.